शेवटचा पाऊण तास

1. मोबाइल जळेल का?

रात्री साडेबारा ते साडेतीन मोबाइल बंद करून अंगापासून दूर ठेवा, मंगळावरून वैश्विक किरण येत आहेत, असा एक निरोप गेली कित्येक वर्षं फिरतो आहे. तो खोटा आहे. अलीकडे मंगळाच्या जागी सूर्य आला आहे, आणि सूर्याच्या बाबतीत प्रश्न विचारणाऱ्याचं सगळंच चुकीचं नसतं. सूर्यावर खरोखर उद्रेक होतात, त्यांचे परिणाम पृथ्वीपर्यंत पोचतात, आणि त्यांनी यंत्रं बंद पडल्याची उदाहरणंही आहेत. मग सूर्यावर वादळ झालं तर आपला मोबाइल जळेल का?

हातातला मोबाइल जळणार नाही. सूर्याच्या वादळाची झळ लागते ती फार लांबलचक वस्तूंना, म्हणजे शेकडो किलोमीटरच्या वीजवाहिन्यांना. ती वातावरणाच्या वरच्या थरांना आणि तिथून फिरणाऱ्या उपग्रहांनाही लागते. मोबाइलवरचा नकाशा याच उपग्रहांच्या भरवशावर चालतो, म्हणून मोबाइल शाबूत राहील पण त्यातला निळा ठिपका भलतीकडे सरकेल, हे शक्य आहे. मे 2024 मध्ये अमेरिकेत नेमकं असंच झालं. पेरणीचा हंगाम होता, उपग्रहांच्या मदतीने सरळ तास धरणारे ट्रॅक्टर तिथे सर्रास वापरतात, आणि त्यांना आपली जागाच नीट कळेना. कित्येक शेतकऱ्यांना पेरणी थांबवावी लागली.

तेव्हा वादळ येतं हे खरं. ते केव्हा येणार आणि किती लागणार, हे आधी सांगता येतं का, हा या प्रकरणाचा विषय आहे. त्यासाठी सूर्याच्या पोटात काय चाललंय तिथून सुरुवात करू.

2. पिळलेली सुतळी

सूर्य हा घट्ट गोळा नाही. तो इतका तापलेला आहे की त्यातल्या अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटून मोकळे झाले आहेत. अशा विद्युतभारित वायूला प्लाझ्मा म्हणतात. प्लाझ्मा आणि चुंबकीय क्षेत्र यांची जोडी सुटत नाही. सूर्यावर तर बहुतेक ठिकाणी प्लाझ्मा जिकडे जाईल तिकडे चुंबकीय रेषांना ओढत नेतो.

आता एक अडचण पाहा. पृथ्वी घट्ट असल्यामुळे मुंबई आणि लंडन दोघांनाही एका फेरीला सारखाच वेळ लागतो. सूर्याचं तसं नाही. त्याचा विषुववृत्ताजवळचा भाग सुमारे 25 दिवसांत फेरी पुरी करतो, तर ध्रुवांजवळच्या भागाला जवळपास 35 दिवस लागतात. मधला भाग सतत पुढे धावतो आणि आपल्याबरोबर चुंबकीय रेषा खेचतो. सुरुवातीला उत्तर-दक्षिण ताणलेल्या रेषा अशा रीतीने हळूहळू सूर्याभोवती गुंडाळल्या जातात आणि त्यांना पीळ बसत जातो.

सुतळीचा एक तुकडा दोन हातांत धरा आणि पिळत राहा. थोडा वेळ काही होत नाही. मग हात किंचित जवळ आणलेत, की मध्येच एक वळसा टुणकन उभा राहतो. सूर्याच्या पृष्ठभागातून चुंबकीय रेषांची कमान वर येते तेव्हा काहीसं असंच घडतं. कमानीचे दोन पाय जिथे पृष्ठभागाला टेकतात तिथे क्षेत्र इतकं जोरदार असतं की खालून वर येणारी उष्णता अडते. तो भाग भोवतालच्या साडेपाच हजार अंशांच्या तुलनेत दीड-दोन हजार अंशांनी थंड पडतो आणि काळपट दिसतो. हेच सौरडाग. ते बहुधा जोडीने येतात, कारण कमानीला पाय दोन. एका पायाशी उत्तर चुंबकीय ध्रुव, तर दुसऱ्याशी दक्षिण. सौरडागांत चुंबकत्व असतं हे जॉर्ज एलरी हेल यांनी 1908 साली कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सन वेधशाळेत दाखवून दिलं.

डागांची संख्या साधारण 11 वर्षांच्या चक्राने वाढते आणि कमी होते. हे चक्र जर्मनीतल्या देसाऊ गावच्या हाइनरिश श्वाबे या औषधविक्रेत्याने शोधलं. सूर्यासमोरून जाणारा एखादा अज्ञात ग्रह सापडेल या आशेने तो 1826 पासून रोज डाग मोजत होता. ग्रह सापडला नाही, पण 17 वर्षांच्या नोंदींतून चक्र हाती लागलं. सध्या 25 वं चक्र चालू आहे. ते डिसेंबर 2019 मध्ये सुरू झालं आणि ऑक्टोबर 2024 च्या सुमाराला ऐन भरात होतं.

3. सुरुंगाचा उजेड, खडे आणि धुरळा

पीळ वाढत गेला की कधीतरी तो सहन होत नाही. शेजारशेजारच्या उलट दिशांच्या रेषा तुटतात आणि नव्याने जोडल्या जातात. त्या जोडणीत साठलेली ऊर्जा काही मिनिटांत मोकळी होते. हा उद्रेक.

‘सौरवादळ’ हा एकच शब्द आपण तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो आणि बहुतेक गोंधळ तिथेच होतो. दूरच्या खडीच्या खाणीत सुरुंग उडाला असं समजा. आधी उजेड दिसतो. मग आसपास खडे उडतात. धुरळ्याचा लोट सगळ्यात शेवटी, सावकाश आपल्यापर्यंत येतो.

सूर्यावरचा उजेड म्हणजे सौरज्वाला. तिच्यात क्ष-किरणांचा झोत असतो आणि तो प्रकाशाच्याच वेगाने, म्हणजे सव्वाआठ मिनिटांत पृथ्वीवर पोचतो. ज्वालांना ए, बी, सी, एम, एक्स अशा पायऱ्या दिल्या आहेत आणि प्रत्येक पायरी आधीच्या दसपट असते. एक्स 1 ही एम 1 च्या दसपट, आणि 3 ऑक्टोबर 2024 ला झालेली एक्स 9 ज्वाला एम 1 च्या 90 पट. मोठ्या ज्वालेने पृथ्वीच्या उजेडातल्या बाजूचा लघुलहरी रेडिओ काही काळ बंद पडतो.

खडे म्हणजे अतिवेगवान प्रोटॉन. ते काही मिनिटांपासून तासाभरात येतात आणि मुख्यतः अंतराळवीरांना व उपग्रहांतल्या यंत्रांना धोकादायक असतात.

आपला खरा विषय धुरळा आहे. खग्रास ग्रहणात काळ्या चकतीभोवती जे रुपेरी तेज दिसतं त्याला मराठीत किरीट म्हणतात आणि इंग्रजीत कोरोना. या किरीटातला प्लाझ्मा कधीकधी आपल्या चुंबकीय रेषांसकट उखडला जातो आणि अवकाशात भिरकावला जातो. मोठ्या लोटात शंभर कोटी टनांच्या आसपास द्रव्य असतं. या लोटाला शास्त्रज्ञ सीएमई म्हणतात. आपण त्याला लोटच म्हणू. बेताच्या वेगाच्या लोटाला पृथ्वीपर्यंत यायला तीन-चार दिवस लागतात, वेगवान लोटाला एकापेक्षाही कमी.

4. कुलाब्याची सुई

1 सप्टेंबर 1859. इंग्लंडमध्ये रेडहिल इथे रिचर्ड कॅरिंग्टन दुर्बिणीतून कागदावर पाडलेल्या सूर्यबिंबावरचे डाग रेखाटत होते. सकाळी 11 वाजून 18 मिनिटांनी एका मोठ्या डागसमूहावर दोन लखलखीत ठिपके उजळले आणि पाचेक मिनिटांत विझले. माणसाने नोंदवलेली ही पहिली सौरज्वाला. त्या क्षणी मुंबईत दुपारचे चार वाजून गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय सुई वेड्यासारखी हलू लागली. ईस्ट इंडिया कंपनीने 1826 मध्ये उभारलेल्या या वेधशाळेत 1840 च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चालू होती. सुईचं माप डोळ्यांनी वाचायचं आणि वहीत लिहायचं, अशी ती पद्धत. वादळ दिसलं की नोंदी काही मिनिटांच्या अंतराने घेत. त्या दिवशी जे कोणी वहीपाशी बसलं होतं, त्याने हात थांबवला नाही.

त्या नोंदी सांगतात की मुंबईतलं आडवं चुंबकीय क्षेत्र सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी खाली आलं. नॅनोटेस्ला हे फार बारीक माप आहे. मुंबईत हे क्षेत्र एरवी 38 हजार नॅनोटेस्लांच्या आसपास असतं, म्हणजे ते शंभरातल्या चार भागांनी उतरलं. हे थोडं वाटेल, पण रोजच्या दिवसात हा चढउतार काही दहा नॅनोटेस्लांचा असतो. मे 2024 च्या गाजलेल्या वादळात पृथ्वीभरची सरासरी घट 400 हून थोडी अधिक होती. ही दोन मापं तंतोतंत एका जातीची नाहीत, तरी तफावत किती मोठी आहे ते कळतं.

युरोपातल्या कित्येक यंत्रांची सुई त्या दिवशी मापपट्टीबाहेर गेली. शिवाय ध्रुवांजवळच्या नोंदींत तिथल्या स्थानिक प्रवाहांचा गोंगाट फार असतो. मुंबई विषुववृत्ताच्या बाजूची, म्हणून वादळाचं एकूण बळ इथल्या नोंदीत स्वच्छ उमटलं. 2003 मध्ये ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोन्झालेझ, गुरबक्ष लखिना आणि शोभना अॅलेक्स यांनी कुलाब्याच्या त्या आकड्यांवरून 1859 चं वादळ नव्याने मोजलं. सगळ्यात टोकाचं वादळ केवढं असू शकतं याचा अंदाज आज जगभरात बांधतात, तेव्हा हे आकडे समोर असतात. मुंबईच्या इतिहासातली ही एवढी मोठी गोष्ट आपल्या शाळांत शिकवली जात नाही, याची मला खंत वाटते.

आता एक सोपा हिशेब. ज्वाला आणि वादळ यांत सुमारे साडेसतरा तास गेले. अंतर 15 कोटी किलोमीटर. भागाकार केला की वेग येतो ताशी 85 लाख किलोमीटरहून अधिक, सेकंदाला जवळपास 2400. मुंबई-दिल्ली हवाई अंतर अर्ध्या सेकंदात.

अमेरिकेत त्या वादळात तारेच्या यंत्रांतून इतका प्रवाह आपोआप वाहू लागला की बोस्टन आणि पोर्टलंडच्या तारबाबूंनी बॅटऱ्या काढून ठेवल्या आणि नुसत्या त्या प्रवाहावर दोनेक तास संदेश पाठवले. आणि 4 फेब्रुवारी 1872 च्या वादळात तर ध्रुवांजवळ दिसणारा अरोरा, तो रंगीत आकाशप्रकाश, मुंबईतून दिसल्याची नोंद आहे.

कुलाब्याची सुई पुढे शहराने हलवली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे ठरलं, तेव्हा त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडतील हे वेधशाळेचे संचालक नानाभॉय मूस यांनी ओळखलं आणि अलिबागची जागा निवडली. तिथली इमारत चुंबकत्व नसलेल्या पोरबंदरी दगडात बांधली. 1904 ते 1906 अशी दोन वर्षं दोन्ही ठिकाणी एकदम मोजणी केली, म्हणजे जुन्या आणि नव्या आकड्यांचा सांधा तुटू नये. त्या दूरदृष्टीमुळे जगातल्या फार थोड्या ठिकाणी असलेली पावणेदोनशे वर्षांची सलग नोंद आपल्याकडे आहे, आणि अलिबागला मोजणी आजही चालू आहे.

5. दाराची कडी

प्रत्येक लोट वादळ आणत नाही. तेवढाच मोठा, तेवढाच वेगवान लोट एकदा पृथ्वीला हादरवतो आणि दुसऱ्यांदा नुसता घासून जातो. असं का?

पृथ्वीभोवती तिचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र आहे. सूर्यासमोरच्या बाजूला, विषुववृत्ताच्या वर, त्याच्या रेषा दक्षिणेकडून उत्तरेकडे जातात. येणाऱ्या लोटातल्या रेषाही उत्तरेकडे तोंड करून असतील, तर दोन्ही एकमेकांना सारतात आणि लोट बाजूने वाहून जातो. लोटातल्या रेषा दक्षिणेकडे वळलेल्या असतील, तर उलट दिशांच्या रेषा जोडल्या जातात. सूर्यावर उद्रेक घडवणारी तीच क्रिया आता आपल्या उंबऱ्याशी होते. दाराला आतून कडी आहे, आणि दक्षिणमुखी लोट आला की ती निघते.

कडी निघाली की ऊर्जा आत शिरते. पृथ्वीभोवती हजारो किलोमीटरवर विद्युतभारित कणांचा एक कडेवजा प्रवाह वाढतो आणि त्याचं चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकत्वाला उणं करतं. कुलाब्याची सुई उतरली ती याच मुख्य कारणाने. क्षेत्र असं झपाट्याने बदललं की लांब तारांत आपोआप प्रवाह निर्माण होतो, सायकलच्या डायनॅमोत होतो त्याच नियमाने. 13 मार्च 1989 ला कॅनडातल्या क्युबेक प्रांताचं सगळं वीजजाळं या प्रवाहाने सुमारे दीड मिनिटात कोसळलं आणि 60 लाख लोक नऊ तास अंधारात राहिले. महाराष्ट्र चुंबकीय विषुववृत्ताच्या बराच जवळ असल्याने आपल्या वीजवाहिन्यांना हा धोका क्युबेकपेक्षा पुष्कळ कमी आहे.

उपग्रहांना अशी सूट नाही. वादळाने वातावरणाचा वरचा थर तापतो आणि दूध उतू यावं तसा वर फुगतो. फेब्रुवारी 2022 मध्ये स्पेसएक्सने सोडलेल्या 49 स्टारलिंक उपग्रहांपैकी 38 अशा फुगलेल्या हवेच्या घर्षणाने खाली आले. ते वादळ तर किरकोळ होतं.

सगळा प्रश्न आता एका जागी येऊन थांबतो. ज्वाला आपल्याला सव्वाआठ मिनिटांत दिसते. लोट निघाल्याचं दुर्बिणींतून कळतं, त्याचा वेगही मोजता येतो. पण त्यातल्या रेषा दक्षिणेकडे वळलेल्या आहेत की उत्तरेकडे, हे लांबून दिसत नाही. त्यासाठी लोटात प्रत्यक्ष चुंबकमापक बुडवावा लागतो.

6. दीड किलोमीटरवरची चौकी

सूर्य मुंबईत आणि पृथ्वी पुण्यात आहे असं समजा. रस्त्याने 150 किलोमीटर धरू, म्हणजे 1 किलोमीटरला 10 लाख किलोमीटर. भारताचं आदित्य एल-1 यान 15 लाख किलोमीटरवर आहे, म्हणजे पुण्याच्या अलीकडे दीड किलोमीटरवर. मुंबईहून निघालेला लोट जवळजवळ सगळा रस्ता कापून येतो, तेव्हा कुठे चौकीवर त्याची झडती होते.

ही जागा एवढ्या जवळ का? सूर्याच्या जवळ असलेली वस्तू पृथ्वीपेक्षा झपाट्याने फेरी मारते आणि पुढे निघून जाते. फक्त या एका ठिकाणी पृथ्वीची ओढ सूर्याच्या ओढीला इतकी नेमकी कमी करते की यान पृथ्वीबरोबर पावलाला पाऊल लावून वर्षात एक फेरी घेतं. अमेरिकेची यानंही म्हणूनच तिथे आहेत. आदित्य 2 सप्टेंबर 2023 ला श्रीहरिकोट्याहून निघालं आणि 6 जानेवारी 2024 ला तिथल्या कक्षेत स्थिरावलं.

त्यावर सात उपकरणं आहेत. त्यांतली ‘सूट’ ही अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुकाने अनेक संस्थांच्या साथीने बनवली. ती सूर्याची चित्रं ज्या अतिनील किरणांत घेते त्यांचा बराचसा भाग ओझोनचा थर अडवतो, त्यामुळे जमिनीवरून तसा सूर्य दिसूच शकत नाही. 22 फेब्रुवारी 2024 ची एक्स 6.3 ज्वाला ‘सूट’ने टिपली. बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेचं ‘वेल्क’ हे उपकरण सूर्याची चकती झाकून कृत्रिम ग्रहण घडवतं आणि किरीटातून लोट कसा सुटतो ते पाहतं. आणि एका लांब दांड्यावर चुंबकमापक आहे. कुलाब्याच्या सुईचंच काम, 15 लाख किलोमीटर पुढे सरकून.

चौकीवरून किती वेळ मिळतो? लोटाचा वेग सेकंदाला 500 किलोमीटर असेल, तर 15 लाख भागिले 500, म्हणजे 3000 सेकंद, 50 मिनिटं. वेग 1000 असेल तर 25. वीजमंडळाला जाळ्यावरचा भार हलवायला, उपग्रह चालवणाऱ्यांना यंत्रं सुरक्षित स्थितीत न्यायला एवढाच अवधी. लोट दोन दिवस प्रवासात असतो आणि महत्त्वाची बातमी शेवटच्या पाऊण तासात हाती येते.

मे 2024 मध्ये याचा कस लागला. पृथ्वीच्या सुमारे 15 पट रुंद असा डागसमूह सूर्यावर होता आणि त्याने एकामागून एक लोट सोडले. मागचे वेगवान लोट पुढच्यांना गाठून त्यांच्यात घुसले आणि आतल्या रेषा दाबल्या गेल्या. 10 आणि 11 मे च्या रात्री दोन दशकांतलं सगळ्यात जोरदार वादळ झालं. लडाखमधल्या हानले इथल्या वेधशाळेच्या कॅमेऱ्यांत क्षितिजावर लाल प्रकाश उमटला. लोट येणार हे आधी जाहीर झालं होतं. ते एवढं दणदणीत निघेल, हे मात्र चौकीवरच कळलं.

7. करी रोडपर्यंत

लोट वाटेत कसा बदलतो ते कळायचं तर तो निघतो तिथेच गेलं पाहिजे. नासाचं पार्कर यान 24 डिसेंबर 2024 ला सूर्याच्या पृष्ठभागापासून 61 लाख किलोमीटरवरून गेलं. आपल्या नकाशात सीएसएमटीपासून सहा किलोमीटर, म्हणजे करी रोडच्या आसपास. ताशी 6 लाख 90 हजार किलोमीटर हा त्याचा वेग, माणसाने बनवलेल्या कुठल्याही वस्तूपेक्षा अधिक.

यानाचं नाव युजीन पार्कर यांचं. सूर्यातून सतत वारा वाहतो हे त्यांनी 1958 मध्ये गणिताने मांडलं. दोन परीक्षकांनी निबंध नाकारला. नियतकालिकाचे संपादक होते सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. त्यांनाही ती कल्पना पटली नव्हती, पण गणितात चूक सापडेना, म्हणून त्यांनी निबंध छापला. चार वर्षांत मरिनर-2 यानाने तो सौरवारा प्रत्यक्ष मोजला. पटत नसलेली गोष्ट चूक दाखवता येत नाही म्हणून छापणं, हे मला त्या शोधाइतकंच मोठं वाटतं.

युरोपचं सोलर ऑर्बिटर दुसऱ्या बाजूने गेलं. मार्च 2025 मध्ये विषुववृत्ताच्या 17 अंश खाली जाऊन त्याने सूर्याचा दक्षिण ध्रुव टिपला. पृथ्वीवरून सूर्य आपण नेहमी कमरेच्या रेषेतून पाहतो, म्हणून ध्रुव कधी नीट दिसलेच नव्हते. तिथे उत्तर आणि दक्षिण अशा दोन्ही जातींचं चुंबकत्व मिसळलेलं दिसलं, कारण डाग ऐन भरात असताना सूर्याचे ध्रुव उलटतात आणि तो बदल तेव्हा चालू होता. पुढच्या चक्रात डाग किती पडतील याचा सगळ्यात चांगला अंदाज ध्रुवांच्या चुंबकत्वावरून बांधला जातो, म्हणून या चित्रांचं मोल.

8. खोपोलीची चौकी

मार्च 2022 मध्ये सोलर ऑर्बिटर आपल्या वाटेने जाताना नेमकं सूर्य आणि पृथ्वीच्या रेषेत आलं. ते तेव्हा साधारण अर्ध्या अंतरावर होतं, आपल्या नकाशात खोपोलीच्या जवळपास. त्याच सुमाराला दोन लोट तिथून गेले. यानाने त्यांच्यातल्या रेषांची दिशा मोजली, आणि ते पृथ्वीवर पोचण्याच्या एक दिवसाहून अधिक आधी वादळाचं बळ सांगता आलं. पाऊण तासाचा दिवस झाला.

पण खोपोलीत चौकी बांधता येत नाही. तिथलं यान थांबत नाही, ते पृथ्वीला मागे टाकून निघून जातं आणि त्या रेषेत पुन्हा यायला बराच काळ लागतो. म्हणून आता असा आराखडा मांडला जातो आहे, की एकाऐवजी अनेक लहान यानं सूर्याभोवती एका माळेत सोडायची. एक रेषेतून सरकलं की मागचं तिथे येईल. प्रत्येकावर फारसं काही लागणार नाही, वेग मोजणारं एखादं उपकरण आणि दांड्यावरचा चुंबकमापक.